साठ मीटर, पाच अडथळे आणि एक छत : पुरुषांची इनडोअर हर्डल्स शर्यत

सर्जापूर रोड (बंगळुरू) : जागतिक इनडोअर ॲथलेटिक्स स्पर्धेतील पुरुषांची ६० मीटर अडथळ्यांची शर्यत साडेसात सेकंदांच्या आसपास संपते. एवढ्या वेळात धावपटू पाच अडथळे ओलांडतो. सुवर्ण आणि रौप्य यांच्यातील अंतर कधी कधी सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकेच उरते. मैदानी स्पर्धेतील ११० मीटर हर्डल्सचा हा हिवाळी अवतार युरोप-अमेरिकेत लोकप्रिय आहे. भारतात मात्र तो बराच काळ अपरिचित राहिला, कारण ही शर्यत धावण्यासाठी लागणारे बंदिस्त मैदानच देशात नव्हते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील देवगाव रंगारी येथील तेजस शिरसे याने ११० मीटरचा राष्ट्रीय विक्रम आपल्या नावावर केल्यानंतर इनडोअर मोसमातही ठसा उमटवला. त्यामुळे मराठी क्रीडारसिकांचे लक्ष या शर्यतीकडे वळले आहे. या शर्यतीचे स्वरूप, नियम, इतिहास आणि त्यातील भारताचे स्थान यांचा हा आढावा.

शर्यतीचे मोजमाप

पुरुषांच्या ६० मीटर शर्यतीत प्रत्येक मार्गिकेत पाच अडथळे असतात. प्रत्येकाची उंची १.०६७ मीटर असते. प्रारंभरेषेपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरवर आणि त्यापुढील प्रत्येक अडथळा ९.१४ मीटरच्या अंतराने मांडलेला असतो. पाचवा अडथळा ५०.२८ मीटरवर येतो आणि तेथून अंतिम रेषेपर्यंत ९.७२ मीटर उरतात. महिलांच्या शर्यतीतही अडथळे पाचच असतात. मात्र त्यांची उंची ०.८३८ मीटर, पहिल्या अडथळ्यापर्यंतचे अंतर १३ मीटर आणि दोन अडथळ्यांमधील अंतर ८.५० मीटर असते.

हे अपूर्णांक विचित्र वाटतात, पण त्यांचे मूळ इंग्लंडच्या जुन्या मापांत आहे. १.०६७ मीटर म्हणजे साडेतीन फूट, १३.७२ मीटर म्हणजे १५ यार्ड आणि ९.१४ मीटर म्हणजे १० यार्ड. ११० मीटरची शर्यतही मुळात १२० यार्डांची होती. मोजमाप मीटरमध्ये आले, तरी अडथळ्यांच्या जागा होत्या तेथेच राहिल्या. त्यामुळे इनडोअर शर्यतीतील पाचही अडथळे ११० मीटर शर्यतीतील पहिल्या पाच अडथळ्यांच्याच जागी उभे असतात. पाचव्या अडथळ्यापर्यंत दोन्ही शर्यती अंतराच्या दृष्टीने एकच आहेत.

या अंतरांचा अंदाज घेण्यासाठी सर्जापूर रोडसारख्या वस्तीतील एखाद्या बॅडमिंटन सभागृहाचे उदाहरण पुरेसे आहे. माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आणि निवासी संकुलांनी गजबजलेल्या या भागात अनेक मराठी कुटुंबे राहतात आणि छताखाली बॅडमिंटन खेळण्याची सोयही येथे सहज सापडते. बॅडमिंटन कोर्टाची पूर्ण लांबी १३.४० मीटर असते. म्हणजेच कोर्टाच्या एका टोकापासून धावायला लागलेला हर्डलर दुसरे टोक ओलांडून गेला, तरी पहिल्या अडथळ्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

सात किंवा आठ पावले, मग तीन

पिस्तुलाचा आवाज होताच धावपटू स्टार्टिंग ब्लॉकमधून सुटतो आणि सात किंवा आठ पावलांत पहिल्या अडथळ्यापाशी येतो. पूर्वी आठ पावलांची पद्धत रूढ होती. अलीकडच्या काळात अनेक अव्वल धावपटू सात पावले टाकतात. सात पावलांसाठी प्रत्येक पाऊल लांब आणि अधिक जोरकस हवे असते. मात्र त्यामुळे पहिल्या अडथळ्याकडे अधिक वेगाने आणि तोल सांभाळून जाता येते. अमेरिकेच्या एरीस मेरिट याने २०१२ च्या मोसमासाठी आठाऐवजी सात पावलांची सुरुवात अंगीकारली. त्या वर्षी त्याने इस्तंबूलमध्ये जागतिक इनडोअर विजेतेपद मिळवले, लंडनमध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि सप्टेंबरमध्ये ब्रुसेल्स येथे ११० मीटरमध्ये १२.८० सेकंदांचा जागतिक विक्रम नोंदवला.

पहिल्या अडथळ्यानंतर पावलांची संख्या ठरलेली असते. दोन अडथळ्यांच्या मधे तीनच पावले पडतात. यात बदल करण्यास वाव नाही. चार पावले टाकल्यास झेप घेणारा पाय बदलतो आणि लय मोडते. त्यामुळे हर्डलरला पावले लांबवून वेग वाढवता येत नाही. जागा ठरलेली असल्याने त्याला तीच तीन पावले अधिक झटपट टाकावी लागतात. एक अडथळा ओलांडून पुढचा ओलांडेपर्यंत जागतिक दर्जाच्या धावपटूला सुमारे एक सेकंद लागतो.

अडथळा ओलांडताना उंच उडी मारणे हा दोष मानला जातो. हवेत जितका वेळ जाईल तितका वेग घटतो. म्हणून धावपटू पुढचा पाय सरळ अडथळ्यावर नेतो, धड पुढे झुकवतो, मागचा पाय बाजूने दुमडून आणतो आणि पुढचे पाऊल शक्य तितक्या लवकर जमिनीवर टेकवतो. कमरेची उंची शर्यतभर फारशी वर-खाली होऊ नये, हा प्रशिक्षणाचा गाभा असतो.

काय चालते, काय चालत नाही

अडथळा पडला म्हणजे धावपटू बाद झाला, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. पायाचा स्पर्श होऊन अडथळा पडल्यास त्यासाठी शिक्षा होत नाही. धडकेमुळे गेलेला वेग हीच त्याची शिक्षा असते. मात्र अडथळा हाताने ढकलल्यास, दुसऱ्याच्या मार्गिकेत जाऊन त्याला अडथळा आणल्यास, किंवा मागचा पाय अडथळ्याच्या बाहेरून आडव्या पट्टीच्या पातळीखालून नेल्यास धावपटू बाद ठरतो. अडथळ्याचा पाया धावपटूच्या दिशेने असतो, त्यामुळे धक्का लागताच तो पुढे कलंडतो. पट्टीच्या वरच्या कडेला किमान ३.६ किलोग्रॅम इतका जोर लागल्याखेरीज तो पडू नये, असे त्याचे वजन तोललेले असते.

सुरुवातीचा नियम अधिक कठोर आहे. २०१० पासून पहिल्याच फॉल्स स्टार्टला धावपटू बाद होतो. आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत झालेली हालचाल ही आवाज ऐकण्यापूर्वीच केलेली मानली जाते, आणि ब्लॉकना जोडलेली संवेदक यंत्रणा ती टिपते. साडेसात सेकंदांच्या शर्यतीत सुरुवातीला झालेला उशीर भरून काढण्यास वेळ नसतो. म्हणून प्रत्येक जण त्या मर्यादेच्या शक्य तितक्या जवळ जाण्याचा प्रयत्न करतो.

मैदानी शर्यतीत पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपेक्षा अधिक असल्यास विक्रम ग्राह्य धरला जात नाही. छताखाली वाराच नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. त्यामुळे वेगवेगळ्या शहरांत नोंदवलेल्या इनडोअर वेळांची तुलना अधिक थेटपणे करता येते. निकाल फोटो फिनिशने ठरतो आणि गरज पडल्यास सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणी केली जाते.

जागतिक स्पर्धेतील चार दशके

१९८५ मध्ये पॅरिस येथे जागतिक इनडोअर क्रीडास्पर्धा झाल्या आणि १९८७ मध्ये इंडियानापोलिस येथे त्यांना अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे रूप मिळाले. तेथे पुरुषांच्या ६० मीटर हर्डल्सचा पहिला विजेता अमेरिकेचा टोनी कॅम्पबेल ठरला. त्याच्याच देशाच्या ॲलन जॉन्सनने १९९५, २००३ आणि २००४ असे तीन वेळा हे विजेतेपद मिळवले.

या शर्यतीच्या इतिहासात वेल्सच्या कॉलिन जॅक्सनचे स्थान वेगळे आहे. ६ मार्च १९९४ रोजी जर्मनीतील सिंडेलफिंगेन येथे त्याने नोंदवलेला ७.३० सेकंदांचा जागतिक विक्रम जवळजवळ २७ वर्षे अबाधित राहिला. तरीही जागतिक इनडोअर सुवर्णासाठी त्याला १९९९ च्या माएबाशी स्पर्धेपर्यंत वाट पाहावी लागली. त्यापूर्वी १९८९, १९९३ आणि १९९७ मध्ये त्याच्या वाट्याला रौप्यच आले होते.

क्षणाची चूक किती महाग पडते, हे २००८ मध्ये व्हॅलेन्सियात दिसले. क्युबाचा दायरॉन रोब्लेस विजेतेपदाचा प्रमुख दावेदार होता. प्राथमिक फेरीत फॉल्स स्टार्ट झाल्याचा समज करून घेऊन त्याने धावणे थांबवले, पण शर्यत चालूच राहिली आणि तो स्पर्धेबाहेर पडला. सुवर्ण चीनच्या लिऊ शियांगने ७.४६ सेकंदांत जिंकले. रोब्लेसने त्याच वर्षी ११० मीटरचा १२.८७ सेकंदांचा जागतिक विक्रम आणि बीजिंगचे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. २०१० मध्ये दोहा येथे इनडोअर विजेतेपदही त्याने पटकावले. २०१८ मध्ये बर्मिंगहॅम येथे ब्रिटनच्या अँड्र्यू पोझीने ७.४६ सेकंदांत सुवर्ण जिंकले, तेव्हा अमेरिकेचा जॅरेट ईटन ७.४७ सेकंदांसह त्याच्या मागे होता.

त्यानंतरचा काळ अमेरिकेच्या ग्रँट हॉलोवेचा आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी माद्रिदमध्ये ७.२९ सेकंदांची वेळ देऊन त्याने जॅक्सनचा विक्रम मागे टाकला आणि १६ फेब्रुवारी २०२४ रोजी आल्बुकर्की येथे तो ७.२७ सेकंदांवर नेला. २०२२ मध्ये बेलग्रेड, २०२४ मध्ये ग्लासगो आणि २०२५ मध्ये नानजिंग अशी सलग तीन जागतिक इनडोअर विजेतेपदे त्याने मिळवली. २०१४ पासून नानजिंगच्या विजयापर्यंत ६० मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत त्याला कोणी हरवू शकले नव्हते. नानजिंगची स्पर्धा मुळात २०२० मध्ये व्हायची होती. कोरोना साथीमुळे पुढे ढकलली गेल्याने ती पाच वर्षांनी झाली. तेथे हॉलोवेने ७.४२, फ्रान्सच्या विल्हेम बेलोसियांने ७.५४ आणि चीनच्या लिऊ जुनशीने ७.५५ सेकंदांची वेळ दिली.

अर्धी शर्यत, पूर्ण परीक्षा

६० मीटर ही ११० मीटरची केवळ अर्धी आवृत्ती आहे का, याचे उत्तर हॉलोवेच्याच कारकिर्दीत सापडते. टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो बराच काळ आघाडीवर होता. अखेरच्या टप्प्यात जमैकाच्या हॅन्सल पार्चमेंटने त्याला गाठले आणि १३.०४ सेकंदांत सुवर्ण नेले. हॉलोवेला १३.०९ सेकंदांसह रौप्यावर समाधान मानावे लागले. पाचव्या अडथळ्यापर्यंत जगात सर्वांत वेगवान असलेला धावपटू दहाव्या अडथळ्यानंतरही तसाच असेल, याची खात्री नसते. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये १२.९९ सेकंदांत सुवर्ण जिंकून त्याने ही उणीव भरून काढली.

११० मीटरमध्ये सुरुवातीचा वेग जितका महत्त्वाचा, तितकीच उत्तरार्धात लय टिकवण्याची क्षमताही महत्त्वाची असते. ६० मीटरमध्ये उत्तरार्धच नसतो. त्यामुळे ब्लॉकमधून सुटणे, पहिल्या अडथळ्यापर्यंतची पावले आणि पहिल्या दोन-तीन अडथळ्यांवरील सफाई यांतील प्रत्येक त्रुटी निकालात थेट दिसते. जगभरातील हर्डलर हिवाळ्यात या शर्यती धावतात त्यामागे पदकांइतकेच हेही कारण असते. उन्हाळ्यापूर्वी शर्यतीचा पहिला भाग स्वतंत्रपणे तपासून घेण्याची संधी त्यांना मिळते.

भारत आणि महाराष्ट्र

पुरुषांच्या हर्डल्समध्ये भारताची सर्वोच्च ऑलिंपिक कामगिरी आजही १९६४ ची आहे. टोकियो ऑलिंपिकच्या ११० मीटर हर्डल्समध्ये गुरबचन सिंग रंधावा पाचवे आले होते. त्यानंतर या प्रकारात जागतिक अंतिम फेरीपर्यंत पोहोचणारी परंपरा निर्माण झाली नाही.

अलीकडच्या काळात या प्रकाराला पुढे नेण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या सिद्धांत थिंगलाया याने अमेरिकेत सराव करून २०१७ मध्ये ११० मीटरमध्ये १३.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. २२ मे २०२४ रोजी फिनलंडमधील युवास्कुला येथे तेजस शिरसेने १३.४१ सेकंदांत शर्यत पूर्ण करून तो मोडला. शिरसे भुवनेश्वर येथील रिलायन्स फाउंडेशनच्या केंद्रात ब्रिटिश प्रशिक्षक जेम्स हिलियर यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. गोव्यातील २०२३ ची राष्ट्रीय क्रीडास्पर्धा आणि उत्तराखंडमधील २०२५ ची स्पर्धा या दोन्हींत त्याने महाराष्ट्राला सुवर्ण मिळवून दिले. २०२५ च्या हिवाळ्यात युरोपातील इनडोअर स्पर्धांत त्याने ६० मीटर हर्डल्सचा राष्ट्रीय विक्रम ७.६५ सेकंदांच्या आसपास आणला.

महिलांच्या गटात याच केंद्रातील ज्योती याराजीने आशियाई पातळीवर यश मिळवले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये बंगळुरू येथे राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत १२.८२ सेकंदांची वेळ देऊन १०० मीटर हर्डल्स १३ सेकंदांच्या आत धावणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेहरान येथील आशियाई इनडोअर स्पर्धेत तिने ६० मीटर हर्डल्सचे सुवर्ण ८.१२ सेकंदांत जिंकले.

अंतर किती उरले आहे

शिरसेची ७.६५ सेकंदांच्या आसपासची वेळ नानजिंगच्या कांस्यपदकापासून सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी दूर आहे. त्या वेगात हे अंतर पाऊण मीटरहून थोडेच अधिक भरते. केवळ हा एक निकाल पाहिला तर पदक हाकेच्या अंतरावर असल्याचे भासेल. परंतु नानजिंगमधील वेळा तुलनेने संथ होत्या. ग्लासगो येथे २०२४ मध्ये कांस्य जिंकणाऱ्या फ्रान्सच्या जस्ट क्वाऊ-माथे याने ७.४७ सेकंदांची वेळ दिली होती. तेथे हे अंतर ०.१८ सेकंद होते.

हीच तुलना ११० मीटरमध्ये केल्यास एक अर्थपूर्ण गोष्ट समोर येते. पॅरिस ऑलिंपिकचे कांस्य १३.०९ सेकंदांत मिळाले. शिरसेच्या १३.४१ सेकंदांपासून ते ०.३२ सेकंद दूर आहे. टक्केवारीत पाहिल्यास ग्लासगोतील आणि पॅरिसमधील दोन्ही अंतरे सुमारे २.४ टक्के भरतात. याचा अर्थ भारतीय धावपटू सुरुवातीला बरोबरीत राहून शेवटी मागे पडतो असे नाही, किंवा सुरुवातीलाच सारे गमावतो असेही नाही. दर अडथळ्यामागे तो साधारण तीन ते चार शतांश सेकंद गमावतो आणि शेवटपर्यंत ही गळती जवळजवळ त्याच प्रमाणात चालू राहते. इतक्या सूक्ष्म सुधारणा सरावात एकेका अडथळ्यावर घडवाव्या लागतात आणि त्या स्पर्धेत टिकतात का, हे पाहण्यासाठी वारंवार शर्यती धावाव्या लागतात.

छताचा प्रश्न

अडचण नेमकी येथेच येते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत कडक हिवाळ्यामुळे छताखालील मैदाने ही गरज ठरली आणि त्यातून जानेवारी ते मार्च असा स्वतंत्र मोसम उभा राहिला. भारतातील बहुतेक भागांत हिवाळा हाच मोकळ्या मैदानावरील सरावाचा उत्तम काळ असतो. त्यामुळे येथे छताची निकड कोणाला भासली नाही. बंगळुरूचे श्री कंठीरवा स्टेडियम किंवा पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल येथे दर्जेदार सिंथेटिक ट्रॅक आहेत, पण ते आकाशाखाली आहेत.

बॅडमिंटन सभागृह आणि इनडोअर ट्रॅक यांच्या खर्चात आणि जागेत मोठा फरक आहे. केवळ ६० मीटरच्या सरळ धावपट्टीसाठीही प्रारंभरेषेमागे काही मीटर आणि अंतिम रेषेपुढे थांबण्यासाठी किमान दहा मीटर मोकळी जागा धरावी लागते. मधे एकही खांब नसलेले सुमारे ७५ मीटर लांबीचे छत त्यासाठी हवे असते. पूर्ण स्पर्धेसाठी त्याभोवती २०० मीटरचा, वळणांवर चढ दिलेला लंबवर्तुळाकार ट्रॅकही लागतो. जमिनीचे भाव वाढत असलेल्या महानगरांत खासगी पातळीवर हे उभे राहणे कठीण असते. भुवनेश्वरच्या कलिंग क्रीडासंकुलात उभारलेले देशातील पहिले इनडोअर ॲथलेटिक्स केंद्र म्हणूनच महत्त्वाचे आहे.

ते उभे राहण्यापूर्वी भारतीय हर्डलरला इनडोअर शर्यतीचा अनुभव परदेशातच घ्यावा लागे. अंतिम रेषेपलीकडची गादी लावलेली भिंत, बंदिस्त जागेत घुमणारा पिस्तुलाचा आवाज आणि प्राथमिक, उपांत्य व अंतिम अशा फेऱ्यांमधील अल्प विश्रांती यांची सवय मोकळ्या मैदानावर होत नाही. ज्याच्यासाठी ही परिस्थिती दरवर्षीची आहे आणि जो तिला वर्षातून एक-दोनदाच सामोरा जातो, त्या दोघांतील तयारीचा फरक शतांश सेकंदांत मोजला जातो.

शर्यत पाहताना

पुढील इनडोअर मोसमात ही शर्यत पाहणाऱ्यांनी तीन ठिकाणी लक्ष द्यावे. पहिले म्हणजे प्रारंभ ते पहिला अडथळा. येथे सात पावले टाकणारा आणि आठ पावले टाकणारा धावपटू सहज ओळखू येतात. दुसरे म्हणजे तिसरा अडथळा. सुरुवातीची आघाडी टिकते की लय विस्कटते, हे तेथे कळते. तिसरे म्हणजे पाचव्या अडथळ्यानंतरचे ९.७२ मीटर. येथे प्रथमच तीन पावलांचे बंधन सुटते. छाती पुढे झोकून रेषा गाठण्याची वेळ चुकली, तर जिंकलेली शर्यतही हातची जाते. फोटो फिनिशमध्ये धावपटूचे धड रेषेपर्यंत कधी पोहोचले, हेच पाहिले जाते. डोके, हात किंवा पाय आधी पोहोचल्याचा निकालात विचार होत नाही.